रस्ता असाच ठेवावा, ही विनंती

"मॅडम, रडायचं कुठं कुठं, तेवढी पेन्सिलीनं खूण करून द्या."

बारावीतल्या किसननं पुस्तक माझ्यापुढं धरलं होतं. तो चेष्टा करत नव्हता. परीक्षा तोंडावर आली होती. कवितेचं रसग्रहण हमखास विचारलं जातं आणि उत्तरात 'ही कविता वाचून मन हेलावून जाते' असं लिहिलं की गुण मिळतात, एवढं त्याला गाइडातून कळलं होतं. मन नेमकं कुठल्या ओळीला हेलावतं, ते मात्र गाइडात दिलेलं नव्हतं.

मी विचारलं, "तुला वाचताना कुठं काही झालं का?"

"न्हाई."

"मग तसं लिही."

"तसं लिहिल्यावर मार्क कोण देतंय, मॅडम?"

मी पुस्तक मिटून त्याच्या हातात परत दिलं.

शिरूर कासार तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला मराठी शिकवलं. आता निवृत्त होऊन अंबाजोगाईला, माहेरच्या गावी राहते. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असा निरोप आला, तेव्हा आधी नाहीच म्हणणार होते. डॉक्टरांकडं रोगी असतात, वकिलांकडं खटले असतात. मराठीच्या बाईकडं काय असतं? धडा, कविता, व्याकरण आणि मागच्या बाकावर डुलक्या घेणारी मुलं. पण आमच्याही कामात एक नाजूक जागा असते, आणि तिथं चूक झाली तर माणसाचं नुकसान होऊ शकतं. हे मला एका मुलीमुळं कळलं. तिच्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी ती जागा कुठली ते सांगते.

लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. तो वाचणाऱ्यानं द्यायचा असतो. लिहिणारा रागावून बोलतोय, लाडानं बोलतोय, टोमणा मारतोय की साधंच सांगतोय, हे ओळखणं म्हणजे लेखनाचा सूर ओळखणं. आणि ते वाचून आपल्या मनात जे दाटून येतं, तो भाव. सूर लिहिणाऱ्याचा, भाव वाचणाऱ्याचा. परीक्षेत दोन्हींचा काला करून 'कवीने प्रभावी शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत' असं लिहून मोकळं होतात. मीही पेपर तपासताना त्याला गुण दिलेत, कारण नमुना उत्तरात तेच असायचं.

वर्गात मात्र मी वेगळा उद्योग करायचे. फळ्यावर 'आलास का?' एवढंच लिहायचं आणि एकेकाला ते म्हणायला लावायचं. उशीर झालेल्या पोराला आई म्हणते तसं. फाटकात उभे असलेले प्राचार्य म्हणतात तसं. चौकात वाट बघून कंटाळलेला मित्र म्हणतो तसं, यात शेवटी एक 'बे' आपोआप यायचा आणि वर्ग हसायचा. किसनची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "ऊसतोडीहून परत आलेले तुझे वडील दारात बसलेत आणि तू कॉलेजातून घरी येतोस. ते कसं म्हणतील, 'आलास का'?"

तो म्हणाला, "न्हाई मॅडम, बाप असं म्हणतच न्हाई. माझ्याकडं बघतो अन् म्हणतो, 'पाणी हाय का घरात?'"

"मग त्यात 'आलास का' कुठं आहे?"

"त्यातच हाय की. तहान लागली म्हणून इचारत न्हाई तो."

ज्याला रडायच्या जागा पेन्सिलीनं दाखवून हव्या होत्या, तोच हा मुलगा. बापाच्या वाक्यातला सूर त्याला बरोबर कळत होता. पुस्तक समोर आलं की मात्र तो बहिरा व्हायचा. माझं काम काय, तर घरात चालणारा त्याचा कान पुस्तकाला लावून द्यायचा. दर वेळी जमलं असं नाही.

कधी कधी मुलंच मला शिकवून जायची. एका वर्षी एक विनोदी धडा होता. शहरातला पाहुणा दुष्काळी गावात येतो, आंघोळीला पाणी मिळत नाही आणि त्याची फजिती होते. मी अगदी रंगात येऊन वाचला. वर्ग ढिम्म. शेवटी मीच विचारलं, "हसू का नाही आलं?" एक मुलगी उभी राहून म्हणाली, "टँकरची वाट बघत बसलेल्या बाईला पाहुणा नावं ठेवतो. त्यात हसायचं काय, मॅडम?" लेखकाचा सूर हसरा होता, त्याबद्दल शंका नव्हती. पण या मुलींनी हंडे घेऊन रांगेत दुपारी काढल्या होत्या. सूर एक आणि भाव दुसरा, हे मला तोवर पुस्तकातून माहीत होतं. त्या दिवशी समोर बसलेलं दिसलं.

आता अश्विनीबद्दल.

आमच्या भागात दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. नवराबायको जोडीनं जातात, थेट उन्हाळा लागेपर्यंत कारखान्याच्या फडावर उसाच्या वाळक्या पानांच्या, पाचटाच्या कोपीत म्हणजे झोपडीत राहतात. लहान लेकरं बरोबर जातात. शिकणारी मुलं नातेवाइकांकडं नाहीतर वसतिगृहात राहतात. अश्विनी आमच्याच संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात होती. बारावीचं वर्ष, बुटकीशी, वर्गात फारसं न बोलणारी मुलगी. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी 'माझे गाव' या विषयावर मी निबंध मागवले, तेव्हा तिनं अर्धं पान लिहून दिलं. ते असं होतं:

'आमच्या गावाला रस्ता झाला. रस्ता खूप चांगला आहे. त्याला खड्डे आहेत म्हणून ट्रक हळू जातो. ट्रक हळू गेला की आई जास्त वेळ दिसते. दिवाळीनंतर आईवडील ऊस तोडायला जातात तेव्हा मी ट्रकच्या कडेनं चालते. गुळगुळीत रस्त्यावर असे चालता आले नसते. मारुतीच्या देवळापुढचा खड्डा सर्वात मोठा आहे. तिथे ट्रक थांबल्यासारखाच होतो. तिथे आईने वरून हात खाली केला आणि माझ्या डोक्याला लावला. अध्यक्षसाहेबांनी हा रस्ता केला त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. रस्ता असाच ठेवावा, ही विनंती.'

मी ते वाचलं आणि खूश झाले. बारावीतल्या मुलीनं इतका बेमालूम उपरोध लिहावा याचं कौतुक वाटलं. तिची पाठ मनातल्या मनात थोपटली, आणि थोडी माझीही. अंकात पहिल्या पानांवर निबंध छापला.

त्यातले अध्यक्षसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. तालुक्यातले वजनदार पुढारी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. तो रस्ता त्यांच्याच प्रयत्नातून झाला होता. अंक निघाल्यावर पहिले काही दिवस काहीच झालं नाही, कारण वार्षिकांक कोणी वाचत नाही. मग राज्यशास्त्र शिकवणाऱ्या जाधव सरांनी वाचला. तरुण, तळमळीचा माणूस. त्यांनी त्या पानाचा फोटो काढला, वर 'विद्यार्थिनीची सणसणीत चपराक' अशी ओळ टाकली आणि व्हॉट्सअॅपवर सोडला. संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर फिरला. अण्णांच्या विरोधकांनी त्यावर हसरी तोंडं चिकटवली आणि मग तो अण्णांच्या मोबाइलवर पोचला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. भला माणूस, पण अण्णांचा फोन आला की उभं राहून बोलणारा. म्हणाले, "अण्णा म्हणाले, संस्थेचं खाऊन संस्थेलाच नावं ठेवणाऱ्या पोरीला हॉस्टेलात ठेवता कशाला. पालकांना बोलवा आणि पोरगी ताब्यात द्या."

"पालक फडावर आहेत, सर. घराला कुलूप आहे. परीक्षा दारात आहे."

"मला का माहीत नाही? पण मी काय करू, तुम्हीच सांगा."

अश्विनीच्या वडिलांपर्यंत गोष्ट माझ्याआधी पोचली होती. त्यांना कामावर नेणारा मुकादम अण्णांच्याच बैठकीतला. दुपारी त्यांचा मला फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "मॅडम, आमाला मोठ्या माणसाशी वाकडं घेऊन जमत न्हाई. तिला इकडं लावून द्या. लई शिकली. आता एखादं ठिकाण बघून उरकून टाकतो."

मी म्हटलं, "दोन दिवस थांबा. मला तेवढा वेळ द्या." ते म्हणाले, "तिची आई बी थांबाच म्हणायलीय."

मी अश्विनीला ग्रंथालयात बोलावून घेतलं. ती रडून आलेली दिसत होती. मी अंक पुढं ठेवला.

"हे लिहिताना तुझ्या मनात काय होतं?"

"काय म्हंजे?"

"अण्णांना टोमणा मारायचा होता का?"

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की प्रश्न पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. "टोमणा कावून मारू, मॅडम? त्यांनी रस्ता केलाय की."

"पण खड्डे आहेत."

"हायेत. म्हणून तर."

तेवढ्यात जाधव सर आत आले. त्यांनाही वसतिगृहाचं कळलं होतं आणि ते पेटले होते. अश्विनीला म्हणाले, "घाबरायचं नाही. सरळ सांगायचं, मी खरं लिहिलंय."

"मी खरंच लिहिलंय, सर," ती म्हणाली.

दोघांच्या वाक्यात फरक फक्त एका 'च'चा होता, पण जाधव सर एका गावात उभे होते आणि ती दुसऱ्या. तिला बाहेर पाठवून मी त्यांना तो फरक सांगायला लागले, तर ते माझ्यावरच उखडले. "मॅडम, तुम्ही तिला भोळी ठरवून तिचं लिखाण लहान करताय. तिला काय वाटलं ते राहू द्या. वाचणाऱ्याला टोचलं की नाही? तुम्हीच वर्गात सांगता ना, भाव वाचणाऱ्याचा असतो म्हणून?"

मी एवढंच म्हणाले, "टोचलं ते टोचू द्या. पण त्यासाठी हॉस्टेल तिचं जाणार आहे, तुमचं-माझं नाही. आणि चपराक तुम्ही लिहिली, तिनं नाही." मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी वरची ती ओळ पुसली. पण पुढं गेलेली पानं परत येत नसतात.

अण्णा त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी कॉलेजात आले. प्राचार्यांच्या खोलीत अण्णा, प्राचार्य आणि मी. अश्विनी दाराजवळ उभी. अण्णा तिच्याशी बोलले नाहीत, माझ्याशीच बोलले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्त भीती वाटली.

"मॅडम, तुमी शिकवलेल्या पोरी आमची टिंगल करायल्यात. करू द्या. पण मग आमच्या छपराखाली कशाला राह्यचं?"

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही हे अंकात वाचलं की मोबाइलवर?"

"मोबाइलवर. का?"

"तिथं वर चपराक असं लिहिलं होतं. तुम्ही ते आधी वाचलं आणि त्याच आवाजात खालचं वाचलं. तुमचंच नाही, मीही निबंध निवडला तो टिंगल समजूनच. माझ्या कानात माझा आवाज होता. हिचा आवाज आपण कुणीच ऐकलेला नाही. तिला एकदा वाचू द्या. त्यानंतर तुम्ही म्हणाल ते."

प्राचार्य खुर्चीत चुळबुळ करत होते. अण्णांनी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "वाच."

मी आयुष्यभर मुलांना सूर लावून वाचायला शिकवलं. अश्विनीनं कुठलाच सूर लावला नाही. ओळीखाली बोट ठेवून, जसं ती वर्गात वाचायची तसं वाचलं. रस्ता खूप चांगला आहे, हे तिनं 'रस्ता खूप चांगला आहे' असंच म्हटलं. आईनं हात खाली केला तिथं ती थांबली नाही, आवाजही कापला नाही. आभाराच्या ओळीला मात्र तिनं कागदावरून नजर उचलली आणि अण्णांकडं पाहून ती ओळ म्हटली, कारण आभार माणसाकडं बघून मानायचे असतात, एवढीच तिची समज होती. मग पुन्हा बोट ठेवून शेवटचं वाक्य वाचलं आणि अंक मिटला.

शिपाई चहा घेऊन आला, तो दारातूनच परत फिरला.

अण्णांनी पहिल्यांदा थेट तिला विचारलं, "खड्ड्याच्या रस्त्याचे आभार कावून मानायलीस, पोरी?"

ती म्हणाली, "रस्ता नव्हता तवा ट्रक फाट्यावरच थांबायचा. मंग आईबाप पहाटंच फाट्यापतूर चालत जायचे. मी झोपेतच असायची. उठल्यावर बघितलं तर घर रिकामं. शाळंत जायला लागल्यावर चार-पाच सालं तसंच झालं, मंग मी चुलतीकडं राह्यची. आई म्हणायची, उठवलं असतं तर तू रडली असतीस. आता ट्रक गावात येतो. दिसा येतो. मला कळतं तरी, की गेले."

अण्णा खिडकीबाहेर बघत बसले. हा माणूस मी सभांमधून पुष्कळ ऐकला होता. हजरजबाबी म्हणून त्यांची ख्याती होती, भर सभेत विरोधकाला एका वाक्यात गार करायचे. त्या दिवशी त्यांना वाक्य सापडत नव्हतं. शेवटी माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, टिंगल असती तर बरं झालं असतं. टिंगलीला उत्तर देता येतं."

ते उठले. जाताना प्राचार्यांना म्हणाले, "हॉस्टेलचं राहू द्या. पोरीला परीक्षेला बसू द्या." दारात अश्विनीपाशी क्षणभर थांबले. मग बाहेर पडले.

संध्याकाळी मी तिच्या वडिलांना फोन केला. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मंग ती परीक्षा झाल्यावरच येती म्हणा की." एवढंच. पण त्यांचा आवाज सैल झाला होता. मागं बायकोला सांगत असल्याचं ऐकू आलं, "न्हाई, न्हाई काढलं तिला." मग फोन बंद झाला.

पुढचंही सांगायला हवं. जे झालं ते सगळंच गोड झालं नाही. शिल्लक अंक कपाटात बंद झाले, आणि पुढच्या वर्षीपासून वार्षिकांकाचा मजकूर छपाईआधी संस्थेत दाखवायचा, असा नियम आला. जाधव सर वर्षभरात दुसऱ्या कॉलेजात गेले. जाताना मला भेटून म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी जिंकलात, पण मला अजून पटलेलं नाही." मला ते आवडलं. माझ्या विषयात इतका जीव तोडून भांडणारा सहकारी मला पुन्हा मिळाला नाही.

आणि रस्ता दुरुस्त झाला. पुढच्या हंगामाआधी अण्णांनी तो डांबर टाकून गुळगुळीत करून घेतला. अश्विनीच्या वाचण्यामुळं की निवडणूक जवळ आल्यामुळं, ते मी सांगू शकत नाही. गावाला एसटी सुरू झाली, बाळंतिणीला न्यायला गाडी पोचायला लागली. त्यात वाईट काहीच नव्हतं. अश्विनी तेव्हा अंबाजोगाईला नर्सिंगला आली होती. आईवडिलांना निरोप द्यायला ती गावी गेली आणि परत आल्यावर मला फोनवर म्हणाली, "ट्रक लई पटकन गेला, मॅडम."

यंदा हंगाम संपल्यावर तिची आई कंबर दाखवायला अंबाजोगाईला आली. दवाखान्यातलं काम उरकून दोघी माझ्या घरी आल्या. आई सडपातळ, उन्हानं रापलेली, खुर्चीवर बसायला संकोचणारी. मी चहा केला. बोलता बोलता कळलं, की ज्या निबंधापायी एवढं रामायण झालं, तो तिनं कधी ऐकलेलाच नव्हता. तिला वाचता येत नाही आणि लेकीनं कधी वाचून दाखवला नव्हता. माझ्याकडं अंक होता. मी तो काढून अश्विनीच्या हातात दिला. ती लाजली, नको नको म्हणाली, मग वाचायला लागली.

मी आईकडं बघत होते. तिच्या डोळ्यांत पाणी येईल, असं मी धरूनच चालले होते. खड्ड्यांची ओळ आली आणि आई हसायला लागली. आधी पदराआड, मग मोकळी.

"ह्या खड्ड्यांनी माझं कंबरडं मोडलं," ती मला म्हणाली, "अन् ही म्हणती, रस्ता लई चांगला हाय. येडी हाय का न्हाई, सांगा मॅडम."

अश्विनी आधी रुसली, मग तिलाही हसू आवरेना. मीही हसले. या निबंधाला कोणी हसलं नव्हतं असं नाही, तालुका हसला होता. पण हे हसू तसं नव्हतं.

हसण्याच्या भरात, 'आई जास्त वेळ दिसते' इथवर येऊन पुढच्या ओळी वाचायच्या राहूनच गेल्या. अश्विनी अंक मिटून ठेवायला लागली, तशी आईनं तिचा हात धरला. आता ती हसत नव्हती.

"ठेवू नको," ती म्हणाली. "मी दिसती तिथून वाच."